दाराशी थांबलेली पावलं

सिनेमातली नायिका उंच टाचांचे सँडल घालून संगमरवरी जिन्यावरून टकटक उतरते, तेव्हा थिएटरातल्या निम्म्या पुरुषांच्या काळजातही टकटक सुरू होते. त्या बिचाऱ्यांना कुणी सांगायला जाऊ नये, पण ती टकटक नायिकेची नसते. ती आत्याची असते. आत्याचं वय साठीला टेकलेलं, अंग भरलेलं, आणि उजवा गुडघा असा की नुसता जिना दिसला तरी कुरकुरायला लागतो.

आत्या म्हणजे कुणाची सख्खी आत्या नव्हे. स्टुडिओत मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला आत्या म्हणत. शूटिंगच्या वेळी टिपलेल्या आवाजात फार गोंगाट असतो, म्हणून चित्रपट तयार झाल्यावर बारीकसारीक आवाज बंद खोलीत पुन्हा करावे लागतात. समोर पडदा, हातात वस्तू आणि पायात दुसऱ्याच्या चपला. हे काम आत्या तीस वर्षं करत होती. नायकाचं हाड मोडलं की आत्या गाजर मोडायची. खलनायकाच्या पोटात बुक्की बसली की आत्या ओला टॉवेल कोबीच्या गड्ड्यावर हाणायची. नायक-नायिकेचं ते गाजलेलं पहिलं चुंबन आत्याने स्वतःच्या मनगटाला दिलेलं असायचं, तेही आधी घड्याळ काढून आणि एकीकडे मटार सोलायचे राहिलेत याचा विचार करत.

पण तिचा खरा हातखंडा पावलांचा. हातखंडा कसला, पायखंडाच म्हणायचा. खोलीच्या जमिनीचे चौकोन पाडलेले होते: फरशी, लाकूड, वाळू, खडी, पत्रा. भिंतीलगत लाकडी चौथरा आणि त्यावर चढायला चार पायऱ्या. चौथऱ्यावरच्या फळीवर जोड्यांची रांग होती आणि प्रत्येक जोडीला नाव होतं. इन्स्पेक्टर. सासू. दुसरी बायको. पळून गेलेला भाऊ. आत्या 'दुसरी बायको' पायात चढवायची आणि क्षणात दुसरी बायको होऊन चालायला लागायची. तिला काम शिकवणाऱ्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आपली चाल चपलेसारखी दाराबाहेर काढून यायची. इथे चालेल तो पडद्यावरचा माणूस." आत्याने हे इतकं मनावर घेतलं की तीस वर्षांत त्या खोलीत तिची स्वतःची चाल कुणी ऐकली नव्हती. तिनेही नाही.

आणि मग तो नवा दिग्दर्शक आला.

वयाने लहान, दाढीने मोठा. आल्या आल्या त्याने फळ्यावर मोठं वर्तुळ काढलं आणि त्यावर घड्याळासारख्या खुणा केल्या. आत्याने त्याच दिवशी त्याचं नाव 'वर्तुळराव' ठेवलं.

"आत्या, कुठल्याही नायकाची गोष्ट घ्या," वर्तुळराव म्हणाला, "ती या वर्तुळावरून चालते. नायक घरी सुखात असतो. त्याला हाक येते. आधी तो नको म्हणतो. मग गुरू भेटतो, तो उंबरठा ओलांडतो, संकटं येतात, शेवटी अमृत मिळतं. ते घेऊन तो घरी परततो आणि सगळ्यांना वाटतो."

"आणि दमत नाही कधी?" रेकॉर्डिस्टने विचारलं. हा रेकॉर्डिस्ट कानाला हेडफोन लावून अर्धा वेळ डुलक्या काढायचा, पण नेमका नको तिथे जागा व्हायचा.

"आपला नायक मात्र सरळ नाही," वर्तुळराव हार मानणारा नव्हता. "महत्त्वाकांक्षी आहे, लोकांना तुडवत वर जातो. गंमत अशी की वाट तीच, खुणा त्याच. फक्त परत येताना अमृत वाटत नाही. स्वतःच पिऊन टाकतो."

"आणि एवढं पिऊन पोट बिघडतं," आत्या म्हणाली.

"तेच दाखवायचंय शेवटी! आणि ते तुम्ही दाखवणार आहात."

तो चित्रपट एका कारकुनाचा होता. मुलाखतीच्या दिवशी मित्र आजारी पडतो आणि हा त्याच्या जागी जाऊन बसतो. मग एकेकाला बाजूला सारत कंपनीचा मालक होतो. शेवटच्या दृश्यात तो आपल्या जुन्या घरी येतो, पण पडद्यावर दिसतच नाही. दिसते फक्त आतल्या खोलीत बसलेली त्याची आई. बाहेरून लाकडी जिना चढणारी पावलं ऐकू येतात. आई मान वर करते. पावलं दाराशी थांबतात. दार वाजत नाही. संपला चित्रपट. म्हणजे वर्षभर राबलेल्या शंभर माणसांची अब्रू शेवटच्या मिनिटाला आत्याच्या गुडघ्यावर येऊन टेकली होती.

आत्याने 'इन्स्पेक्टर' घालून पाहिलं. वर्तुळराव म्हणाला, "हा माणूस अटक करायला आलाय." 'पळून गेलेला भाऊ' घालून पाहिलं. "हा पैसे मागायला आलाय." जड चाल झाली, चोरपावलं झाली, अडखळणं झालं, लंगडणंसुद्धा झालं. (ते खरं होतं, पण कुणाला कळलं नाही.) संध्याकाळ झाली. रेकॉर्डिस्टने दोनदा घड्याळ पाहिलं, म्हणजे त्याच्या हिशेबाने त्याने दंगा केला होता.

"उद्या बघू," आत्या म्हणाली. पर्स चौथऱ्यावर राहिली होती. पायात कुठलीशी जोडी होती, ती काढायचं त्राण नव्हतं. आता घरी जायचं, धाकट्या बहिणीने भात लावला असेल, असं मनाशी म्हणत ती चार पायऱ्या चढली आणि वर पोचल्यावर जरा थांबली. बस, एवढंच.

"हाच! हाच तो!"

वर्तुळराव खुर्चीतून असा उडाला की खुर्ची आडवी झाली. आत्या दचकून कठडा धरून उभी राहिली. रेकॉर्डिस्टने यंत्र बंदच केलेलं नव्हतं; आळसाने माणसाच्या हातून क्वचित थोर कामं होतात, त्यातलं हे एक.

त्यांनी ते पडद्याला जोडून लावलं. आई खोलीत बसलेली. पावलं जिना चढतात. पावलं थांबतात. रेकॉर्डिस्टच्या हातावरचे केस उभे राहिले आणि तो हात त्याने आश्चर्याने स्वतःच बघितला.

"चढताना जिंकलेला माणूस आहे," वर्तुळराव कुजबुजला, "आणि वर पोचला की चोर. आत्या, कुणाची चाल आहे ही?"

हजारो माणसं चालून झालेल्या त्या बाईला कळून चुकलं होतं की ही चाल कुणाचीच उसनी नाही. ही तिची आहे. दिवसभर ज्याला शोधत होते तो हलकट, लोकांना तुडवणारा, आईच्या दाराशी कचरणारा माणूस तिच्या पायांतून आयता चालत आला होता.

"असाच का वाटतो तो?" तिने कसंबसं विचारलं. "म्हणजे... चोर?"

"कारण वर्तुळ!" वर्तुळराव धावत फळ्याकडे गेला आणि 'हाक' या खुणेवर त्याने खडू आपटला. खडू मोडला. "नायकाला हाक येते आणि तो ओ देतो. याला हाक आलेलीच नव्हती, आत्या! हाक दुसऱ्याला आली होती. ओ याने दिली. पुढची सगळी वाट याने इमानाने चालली, घाम गाळला, संकटं सोसली, पण वाट मुळात याची नाही. म्हणून परत आला की दाराशी पाय अडतो."

आत्या चौथऱ्याच्या पायरीवर मटकन बसली. सगळ्यांना वाटलं, गुडघा.

गुडघा नव्हता. तीस वर्षांपूर्वी त्यांच्या गल्लीत एका चित्रपटाचं काम चाललं होतं आणि मास्तर रस्त्यात बसून नटीच्या पावलांचा आवाज दुसऱ्याच चपलांनी काढून टिपत होते. दोघी बहिणी खिडकीतून बघत होत्या. धाकटी वरून ओरडली, "अहो, त्या बाईच्या चपला ओल्या आहेत आणि आवाज कोरडा येतोय!" मास्तरांनी काम थांबवून वर पाहिलं होतं. आठवड्याने खालच्या दुकानातल्या फोनवर त्यांचा निरोप आला. फोन घ्यायला आत्या उतरली. "त्या धाकटीला सोमवारी पाठवा," मास्तर म्हणाले. "हो, पाठवते," आत्या म्हणाली. आणि सोमवारी स्वतः गेली. मास्तरांना सांगितलं, तिला नकोय. धाकटीला काहीच सांगितलं नाही. धाकटी पुढे बसस्थानकावर लागली आणि चौकशीच्या खिडकीत बसून गाड्यांच्या वेळा माइकवर सांगू लागली. दोघींनी लग्न केलं नाही, आई-वडील गेले, दोन खोल्यांत दोघी राहिल्या. तो फोन आत्याने मनाच्या इतक्या तळाशी दडपून ठेवला होता की तो तिथे आहे हेही ती बहुतेक दिवस विसरलेली असायची. पायांना मात्र आठवण होती, असं आता दिसत होतं.

"तो तुकडा पुसून टाक," आत्या म्हणाली.

वर्तुळरावचे डोळे पांढरे व्हायचे बाकी राहिले. "पुसू? आत्या, त्यापेक्षा मला पुसा!"

"मी उद्या दुसरं देते. याहून चांगलं."

"याहून चांगलं नसतं, आत्या. रविवारी आपल्या माणसांना चित्रपट दाखवायचाय, घरच्यांना घेऊन या." आणि शेवटचा घाव त्याने अगदी प्रेमाने घातला, "तुमच्या बहिणीला आणाच. त्या तर तुमची पावलं लगेच ओळखतात म्हणे!"

ओळखायचीच. आत्याचा प्रत्येक चित्रपट धाकटी बघायची आणि बाहेर पडताना यादी सांगायची: वकील तू होतीस, नर्स तू होतीस, घोडा कोण होता गं? रविवारी शेवटच्या दृश्यात आत्या आत्या म्हणूनच चालत येणार होती, तीही चोराच्या जागी, मोठ्या पडद्यावर. चित्रपटाने सांगायच्या आत आपणच सांगणं भाग होतं. तीस वर्षं गिळलेलं, आणि हातात उरले होते दोन दिवस.

त्या संध्याकाळी आत्या घरी आली तेव्हा धाकटी गणवेशाच्या कोटाला इस्त्री करत होती. दिवसभर माइकवर बोलून तिला घरीही तसंच बोलायची खोड लागली होती.

"भात तयार आहे. आमटी थोड्या विलंबाने येत आहे," ती म्हणाली.

"इस्त्री ठेव बाजूला."

"का? काय केलंस? कुणाचं हाड खरंच मोडलंस की काय?"

"बस आधी."

"तू बस. तुझा चेहरा बघ, सासूच्या चपला घालून आल्यासारखी दिसतेयस."

आत्या बसली. उठली. पाणी प्यायली. ग्लास जागेवर ठेवला, पुन्हा उचलला. शेवटी भिंतीकडे बघत, एका दमात, जणू पत्र्यावरून पळावं तसं सगळं सांगून टाकलं. खालचं दुकान, फोन, मास्तर, सोमवार. सांगून झाल्यावर तिने डोळे मिटून घेतले. इस्त्री अंगावर येईल असंच तिला वाटत होतं.

इस्त्री आली नाही. इस्त्रीची वाफ तेवढी हळूच फुसकारली.

"कॉलर झाली," धाकटी म्हणाली. "बाह्या राहिल्यात."

आत्याने डोळे उघडले. "ऐकलंस ना मी काय सांगितलं?"

"मला ठाऊक आहे, ताई."

"काय ठाऊक आहे?"

"हेच. फोन. सोमवार. सगळं."

आत्याच्या पायाखालची जमीन सरकली असं म्हणायची पद्धत आहे. आत्याला सगळ्या जमिनींचे आवाज येत होते, पण सरकत्या जमिनीचा येत नव्हता. तो त्या दिवशी तिने पहिल्यांदा ऐकला.

"कधीपासून?"

"मी स्थानकावर लागले ना, त्याच वर्षी तुझे मास्तर खिडकीशी आले होते, गाडीची वेळ विचारायला. मी वेळ सांगितली. ते म्हणाले, हा आवाज मी ऐकलाय, चपला ओल्या आहेत म्हणणारी तूच ना? आली का नाहीस? मी इतकं आग्रहाने बोलावलं होतं."

"मग? तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, मला नको होतं." धाकटीने बाही उलटवली. "काय सांगणार? माझ्या बहिणीने माझा निरोप खाल्ला? मागे रांग लागली होती."

"तू मला वाचवलंस?" आत्याचा आवाज चिरकला.

"वाचवलं कसलं! मला वाटलं, दोन दिवसांत स्वतःच सांगशील. रोज संध्याकाळी तू जिना चढायचीस आणि दाराबाहेर थांबायचीस. मी आतून ऐकायचे. म्हणायचे, आज सांगणार. हातातलं काम ठेवून बसायचे, बरं का. आणि तू आत येऊन विचारायचीस, पाणी गेलं का गं?"

"रोज?"

"रोज. एवढी वाट मी कुठल्या गाडीची पाहिली नाही, आणि आमच्याकडच्या गाड्यांना तर तू ओळखतेस."

आत्याला हसू आलं. ज्या बहिणीपासून ती तीस वर्षं गुपित लपवत होती ती बहीण तीस वर्षं दाराच्या आत बसून ते गुपित ऐकत होती. आपण थांबतो हेच आत्याला माहीत नव्हतं. अपराधाचं ओझं माणूस एकटा वाहतो म्हणतात. इथे दुसरं टोक आतून कुणीतरी धरून बसलेलं होतं आणि हात दुखत असतानाही बोललं नव्हतं.

माणूस घाबरला की नेमकं वाईट बोलतो. आत्या म्हणाली, "कदाचित तुला ते काम जमलंही नसतं गं. फार कष्टाचं आहे."

धाकटीने इस्त्रीचं बटण बंद केलं. आता तिचा माइकवरचा आवाज पार गेला होता.

"तेच तर, ताई. जमलं नसतं तर मी महिन्याभरात परत आले असते, आणि खिडकीत बसून सुखाने गाड्या सांगितल्या असत्या. जमलं असतं की नसतं, हे कळणंसुद्धा तू घेऊन गेलीस. नोकरीचं मला काही नाही. ते मला परत हवं होतं."

मनाशी जुळवलेल्या माफीच्या भाषणात हा मुद्दा तिने कधी धरलाच नव्हता. तिला वाटत होतं आपण बहिणीची जागा घेतली. जागा सोडता आली असती. हे कसं सोडायचं?

"रविवारी येशील?" तिने बारीक आवाजात विचारलं.

"येईन. तुझ्या शेजारी नाही बसणार."

आमटी त्या रात्री आलीच नाही. दोघींनी कोरडा भात खाल्ला.

रविवारी आवाजाच्या त्याच खोलीत खुर्च्या मांडून चित्रपट लागला. पहिल्या रांगेत वर्तुळराव नखं खात बसला होता, मागे कामगार, त्यांच्या बायका, नवरे, पोरं. आत्या मधल्या रांगेत. धाकटी सगळ्यांत मागे, कडेच्या खुर्चीवर, गणवेशाचा कोट घालून. पुढच्या पाळीला जायचं होतं. चित्रपटभर आत्याने पडद्याकडे कमी आणि मानेमागे जास्त लक्ष दिलं. शेवट आला. आई खोलीत बसली. जिना वाजू लागला. ती चाल अंधारात सगळ्यांच्या डोक्यावरून गेली आणि आत्याला असं वाटलं की आपल्याला भर रस्त्यात उभं केलंय आणि कुणीतरी आपलं नाव पुकारतंय. आईने मान वर केली. पावलं थांबली. पडदा काळा झाला.

टाळ्या कडाडल्या. रेकॉर्डिस्ट रडत होता आणि सर्दी झाल्याचं सांगत होता. लोकांनी वर्तुळरावला मिठ्या मारल्या. आत्या हलली नाही. मागे वळून बघायची तिची छाती होईना.

"अहो, ऐकता का?" मागून तो आवाज आला, माइक नसतानाही खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यात पोचणारा. "शेवटचं पाऊल उशिरा थांबतंय."

टाळ्या थबकल्या.

"काय?" वर्तुळराव म्हणाला.

"आई मान वर करते ना, ती पाऊल थांबल्यामुळे. चालायचा आवाज बंद झाला म्हणून ती बघते. तुमचं पाऊल तिने मान वर केल्यावर पडतंय. जरासंच. पण मग ती कशाला बघते?"

"अहो बाई," वर्तुळराव घाम पुसत हसला, "एवढंसं कुणाला कळतंय?"

"मला कळतंय," धाकटी म्हणाली.

त्यांनी पुन्हा लावून पाहिलं, सावकाश, थांबवून थांबवून. आईची मान वर गेली. आणि मग, डोळ्याचं पातं लवावं इतक्याशा वेळाने, आत्याचं शेवटचं पाऊल पडलं. रेकॉर्डिस्टचा आ वासलेला तसाच राहिला. यंत्रापुढे दोन दिवस तिघं बसले होते, त्यातल्या एकाच्याही कानाला ते लागलं नव्हतं.

आत्याला मात्र या सगळ्यांत वेगळाच धक्का बसला होता, आणि तो आधीच्या सगळ्यांहून मोठा होता. जमलं असतं. परवा इस्त्रीपाशी जो प्रश्न दोघींत कायमचा अनुत्तरित राहिला होता, त्याचं उत्तर धाकटीने भर सभेत, कोटाची बटणं लावता लावता देऊन टाकलं होतं. आणि ते आत्याइतकं खोलीत दुसऱ्या कुणालाच कळलेलं नव्हतं. आत्याला वाटलं, आता हे नाकारलं तर आपण ते दुसऱ्यांदा घेऊन जाऊ.

ती उठून उभी राहिली. "बरोबर आहे तिचं," ती मोठ्याने म्हणाली. "उशिरा पडलंय. आणि हेही ऐका सगळे. मास्तरांनी या कामाला हिला बोलावलं होतं, मला नाही. मी हिला न सांगता आले."

खोलीत टाचणी पडली असती तर तिचाही आवाज आत्यालाच द्यावा लागला असता, इतकी शांतता पसरली. वर्तुळराव एकदा आत्याकडे, एकदा धाकटीकडे बघू लागला. एरवी तोंडाला झाकण नसलेला तो मुलगा त्या वेळी फळ्याकडे फिरकलासुद्धा नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवलं पाहिजे.

धाकटीने घड्याळ पाहिलं. मग कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. पुढे आली, रेकॉर्डिस्टला "उठा जरा" म्हणाली आणि त्याच्या जागेवर बसून तिने हेडफोन कानाला लावला. तो तिला मोठा होत होता.

"घाल जोडी, ताई," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

आत्या चौथऱ्याशी गेली. चार पायऱ्या चढली, थांबली. यंत्रापुढे धाकटी डोळे मिटून बसली होती.

"नाही," धाकटी म्हणाली.

आत्या खाली उतरली. पुन्हा चढली.

"नाही."

"अगं, गुडघा—"

"नाही म्हटलं ना. खाली जा."

आत्या कठड्याला धरून खाली निघाली.